पगारपत्रकातले ते दोनशे रुपये

हिशेबनीस (धागाकर्ता)
शनिवार, रात्री ९:१०

फेब्रुवारीचा पगार झाला की माझ्या टेबलापाशी दरवर्षी एखादा नवा मुलगा हमखास येतो. "सर, दर महिन्याला पीटीचे दोनशे कापता, या वेळी तीनशे कसे?" मी सांगतो, अकरा महिने २०० आणि एक महिना ३००, झाले २,५००. पीटी म्हणजे व्यवसाय कर, तो याहून जास्त लावताच येत नाही, राज्यघटनेतच तशी मर्यादा आहे. बहुतेक जण मान हलवून निघून जातात.

यंदाचा मुलगा गेला नाही. "पण हा कर आहे कशासाठी?" म्हणाला. मी म्हटलं, रोजगार हमीसाठी. १९७५ साली लावला. गावाकडच्या माणसाला सरकारनं काम द्यायचं, आणि त्याचा खर्च शहरातल्या नोकरदार-व्यापाऱ्यांकडून काढायचा. तो हसला. "म्हणजे मी इथं राबायचं आणि तिकडं कुणीतरी बसून खायचं. त्यापेक्षा माझे २०० मला द्या, कुणाला द्यायचे ते मी ठरवतो."

मुलगा कंजूष नाही, हे आधीच सांगतो. दर महिन्याला मोबाईलवर कुठल्या तरी लहान मुलाच्या ऑपरेशनसाठी तो पाचशे-हजार पाठवतो. मला स्क्रीन दाखवली. माझ्यापेक्षा जास्त देतो.

तेव्हा मी काही बोललो नाही. घरी आल्यावर जेवताना आईला सांगितलं. आई मूळची करमाळा तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती एकोणीस वर्षांची होती आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. (१९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. आकडा वाचून डोळ्यांपुढे काही येत नाही. आई म्हणते, "जिकडं बघावं तिकडं माणूसच, आणि सगळ्यांचे हात फुटलेले.") अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर खायला मिळणारी सुकडी, या दोन गोष्टी ती अजून तोंड वाकडं करूनच सांगते.

पण काल तिनं एक नवीनच सांगितलं. त्याच वर्षी गावातला एक मोठा शेतकरी वाड्यावर धान्य वाटायचा. माणूस चांगला होता. मापात मारत नव्हता, कुणाला घालूनपाडून बोलत नव्हता. आई एकदाच गेली, परत गेली नाही. मी विचारलं, का? "पायरीवर बसावं लागायचं. ते बाहेर येईपर्यंत." बरं मग, कामावर काय वेगळं होतं? तिथंही मुकादम शिव्याच देत असणार. तर म्हणे, "देत होता की. पण खडीच्या मापावरून त्याच्याशी भांडता यायचं. वाड्यावर कुणाशी भांडणार?"

कालपासून हेच डोक्यात घोळतंय. गरजू माणसाचा भार सरकारनं करातून उचलावा की ज्यानं-त्यानं आपल्या मर्जीनं? इथली मंडळी काय म्हणतात?

बार्शी_लाईट
शनिवार, रात्री ९:३२

पहिला! धागा शंभरी गाठणार. शेंगदाणे भाजायला टाकले आहेत.

मुक्तछंद
शनिवार, रात्री १०:०५

आईंबद्दल पूर्ण आदर ठेवून मी त्या मुलाच्या बाजूनं.

कर ही सक्ती आहे. भरणार नाही असं म्हणता येत नाही. माझ्या खिशातून न विचारता काढलेल्या पैशाला दया म्हणत नाहीत आणि देणाऱ्यालाही त्यातून काही मिळत नाही. उलट कर भरला की आपण मोकळे. शेजारी कुणी उपाशी असलं तरी "सरकार बघेल की".

दुसरं म्हणजे, पैसा जातो कुठं? रोजगार हमी योजनेचे (रोहयोचे) बोगस हजेरी-मस्टर, एकाच रस्त्यावर तीन वर्षं टाकलेला तोच मुरूम, हे मी नव्यानं सांगायला नको. संस्थेचं काम पटलं नाही तर मी पुढच्या महिन्यात देणं बंद करतो. सरकारचं कसं बंद करू? २०१५ साली नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी 'नाम' सुरू केली तेव्हा लोकांनी भरभरून पैसे दिले. कुणी कायदा केला नव्हता, तरी दिले.

आणि तुमचा पीटी आज खरंच रोहयोलाच जातो का हो? केंद्राचा रोजगार हमीचा कायदा २००५ साली आला, वर्षातल्या १०० दिवसांची मजुरी तिकडून येऊ लागली. महाराष्ट्रात तर अनेक वर्षं हा कर जास्त जमत होता आणि योजनेवर खर्च कमी होत होता. दुष्काळाच्या नावानं सुरू झालेला कर दुष्काळ सरला तरी राहतो, त्याला काय म्हणायचं?

साखरगाठी
शनिवार, रात्री १०:२१

शेवटच्या मुद्द्याशी सहमत. वर आणखी एक. महिना ११ हजार मिळवणारा सिक्युरिटी गार्ड आणि ११ लाख मिळवणारा साहेब, दोघांचा पीटी २,५००. ती मर्यादा १९८८ सालची आहे. तेव्हाचे अडीच हजार आणि आजचे अडीच हजार एकच का?

(बायकांना आता २५ हजार पगारापर्यंत माफ आहे, एप्रिल २०२३ पासून. आमच्या ऑफिसातल्या मावशींचा सुटला, म्हणून माहीत.)

कोरडवाहू
शनिवार, रात्री ११:४८

शेतावरून आत्ता आलो. लाईट रात्रीची आहे, मोटार चालू करून टाईप करतोय, चुका पोटात घाला.

मुक्तछंदराव, बोगस मस्टरचं माझ्याकडून घ्या. माझे आजोबा वारल्यावर दोन वर्षं मस्टरवर खडी फोडत होते. हजेरी जिवंतपणीसुद्धा इतकी चांगली नव्हती.

तरीही सांगतो. आमच्या शिवारातला पाझर तलाव रोजगार हमीतला आहे. त्याच्या खालच्या अंगाला अकरा विहिरी आहेत. मार्चपर्यंत पाणी असतं, पाऊस बरा झाला तर एप्रिलही निघतो. १९९० ला रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हा वडिलांनी खडकाळ तुकड्यात बोरी लावल्या. खड्डे आम्हीच खणले, आमच्याच रानात, आणि त्याची मजुरी आम्हालाच मिळाली. त्या बोरींवर माझं डिप्लोमाचं शिक्षण झालं.

दानातून काय आलं तेही सांगतो, खोटं कशाला बोलू. २०१६ ला मुंबईच्या एका मंडळानं गावात टँकर पाठवले. तहसीलचा टँकर आठ दिवसांनी यायचा, त्यांचा तिसऱ्या दिवशी आला. त्या आठवड्यात आम्हाला ते मंडळ देवासारखं वाटलं. पुढच्या वर्षी मंडळ नव्हतं. दुष्काळ मात्र होता.

जुनी_पानं
रविवार, सकाळी ७:१५

हा वाद आपल्याकडे दीडशे वर्षं चालू आहे, म्हणून थोडं मागचं.

१८७६-७८ च्या दुष्काळात इंग्रज सरकारनं कामं काढली होती. पण खर्च वाचवायचा म्हणून दिवसाची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एखादा आणा इतकी खाली आणली. सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावानं ती 'टेंपल मजुरी' म्हणून कुप्रसिद्ध आहे. तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. म्हणजे उपाशी माणसांचा संपच. पुण्याची सार्वजनिक सभा, सार्वजनिक काका (गणेश वासुदेव जोशी), यांनी गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले.

त्याच दुष्काळात, १८७७ साली, सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला पोरक्या मुलांसाठी बालाश्रम काढला. जोतीरावांनी मदतीसाठी जाहीर आवाहन केलं, सावित्रीबाई जुन्नर-ओतूरच्या बाजूला दुष्काळी कामात होत्या. हा सगळा लोकवर्गणीचा खटाटोप. पण हीच माणसं सरकारला सोडत नव्हती, हे लक्षात घ्या. "आम्ही मुलांना जेवू घालतो, तुमची जबाबदारी संपली" असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

पुढे १८८० चा दुष्काळ आयोग, मग फॅमिन कोड (दुष्काळ निवारणाची नियमावली), आणि त्या वळणानं १९७२ ची कामं. वि. स. पागे यांचं वेगळेपण असं की त्यांनी हे काम देणं दुष्काळापुरतं ठेवलं नाही. विधान परिषदेचे सभापती असताना आधी तासगाव भागात प्रयोग केला. राज्यभर योजना १९७२ ला, कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. भत्ता दिवसाला एक रुपया होता, हसू नका. हिशेबनिसांच्या आई म्हणतात ते "भांडता येणं" त्या एका रुपयात आहे.

मुक्तछंद
रविवार, सकाळी ९:४०

इतिहास रोचक आहे. पण त्यातून इतकंच दिसतं की लोकांनी आधी केलं, सरकार मागून आलं.

स्टुटगार्टकर
रविवार, दुपारी १२:३०

इथला एक नमुना, गंमत म्हणून. जर्मनीत चर्चचा सभासद असलात तर चर्चचा कर सरकार तुमच्या पगारातून कापून घेतं. आमच्या राज्यात आयकराच्या ८ टक्के, बऱ्याच राज्यांत ९. धर्मादाय देणं, पण वसुली सरकारी! नको असेल तर नोंदणी कार्यालयात जाऊन नाव काढायचं, बरेच जण काढतात. कारितास, डियाकोनी या चर्चच्या मोठ्या सेवासंस्था आहेत. वृद्धाश्रम, दवाखाने चालवतात. त्यांचा बराचसा खर्च मात्र विम्याच्या नि सरकारी पैशातून येतो. पाटी चर्चची, पैसा सगळ्यांचा.

आजारविम्याचे १४.६ टक्के, अर्धे माझे अर्धे कंपनीचे, वर थोडी भर. पहिल्या पगाराला मीही त्या मुलासारखाच चिडलो होतो. बायकोचं बाळंतपण अवघड झालं, सात आठवडे बाळ काचेत होतं. घरी आलेलं बिल बघून मी दोनदा वाचलं, दुसरं पान कुठं आहे म्हणून. दुसरं पान नव्हतं.

बार्शी_लाईट
रविवार, दुपारी १२:५२

बाळ कसं आहे आता?

स्टुटगार्टकर
रविवार, दुपारी १२:५५

चार वर्षांचं आहे. मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये देतं.

वॉर्ड_सात
रविवार, संध्याकाळी ६:२०

बरेच दिवस फक्त वाचत होते. आज लिहायलाच हवं, कारण माझं कामच हे आहे. एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात मी समाजसेवा विभागात आहे. बिल भरता न येणारी माणसं माझ्या खोलीबाहेर बसलेली असतात. पायरी नाही, खुर्च्या आहेत, एवढाच फरक.

मुक्तछंददादा, आधी एक गैरसमज काढते. ट्रस्टचं रुग्णालय म्हणजे निव्वळ खाजगी दान नव्हे. करात सवलत, देणगीदाराला आयकरात सूट, कुठे कुठे जमीन नाममात्र भाड्यानं. म्हणजे दान म्हणता त्यातही करदात्याचा वाटा आहे. म्हणून तर सार्वजनिक विश्वस्त कायद्यात कलम ४१ कक आहे. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत, दुर्बल ३ लाख ६० हजारांच्या आत. पूर्वी हे कागदावरच होतं. लोक उच्च न्यायालयात गेले, २००६ पासून योजना नीट बांधली गेली. आजही नातेवाईक "साहेब, दया करा" म्हणत येतात. मी सांगते, दया नाही हो, हक्क आहे, रेशनकार्ड दाखवा. अर्ध्यांना खरंच वाटत नाही.

आता त्या मुलाच्या मोबाईलबद्दल. आम्हीही ती आवाहनं करतो. निधी संपतो, जन आरोग्य योजनेत काही उपचार बसत नाहीत, मग काय करणार? आता या कामाला मी इतकी सरावले आहे की फाईल बघूनच सांगू शकते, पैसे जमतील की नाही. तीन वर्षांची मुलगी, हृदयाला छिद्र, टपोरे डोळे : चार दिवसांत जमतात, वर उरतात. दारूनं लिव्हर गेलेला बेचाळीस वर्षांचा हमाल : महिन्यात नऊ हजार, त्यातले पाच त्याच्याच टोळीतल्या हमालांचे. त्यालाही दोन मुली आहेत, त्यांचे डोळेही टपोरेच आहेत. पण फोटो त्याचा लावावा लागतो ना. मनोरुग्ण असेल, तुरुंगातून सुटलेला असेल, तर मी आवाहन करतच नाही. कुणी देत नाही.

लोक वाईट नाहीत. देणाऱ्यानं निवडायचं म्हटल्यावर तो आपल्या जीवाला भिडेल तेच निवडणार, मीही तेच करते. पण रोग तसा निवडत नाही.

आणि फोटोचं राहिलं. सहा-सात वर्षांपूर्वी एका मुलासाठी पैसे जमवले, नाकात नळी, छातीवर पट्ट्या. मुलगा बरा झाला, आता आठवीत आहे. परवा त्याची आई आली. वर्गातल्या कुणीतरी तो फोटो शोधून काढला आणि ग्रुपवर टाकला. विचारत होती, "मॅडम, तो काढता येईल का?" आम्ही आमच्याकडचा काढला. पुढे किती ठिकाणी गेलाय, कुणास ठाऊक. सरकारी योजनेत बारा कागद मागतात, हेलपाटे घालायला लावतात, सगळं खरं. पण फोटो फाईलमध्ये राहतो.

साखरगाठी
रविवार, संध्याकाळी ६:५०

यावर काय बोलायचं कळत नाही.

मुक्तछंद
रविवार, रात्री ८:१५

वॉर्ड_सात ताई, फोटोचा मुद्दा मान्य. मीही पैसे पाठवतो तेव्हा फोटो बघूनच पाठवतो, हे आज पहिल्यांदा जाणवलं आणि बरं वाटलं नाही.

पण "बारा कागद, सगळं खरं" हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. ज्याच्याकडे ते बारा कागद नाहीत, त्याचं काय? तो तुमच्या खुर्चीपर्यंत पोचतच नाही. आमच्या मित्रांचा एक छोटा गट आहे, वीस-बावीस जण. कुणाचा फोन आला की तासाभरात औषधं, एसटीचं भाडं. कागद विचारत नाही. कधीतरी फसतो, पण थांबवत नाही.

वॉर्ड_सात
रविवार, रात्री ८:४०

तुमच्यासारख्या गटांचे नंबर माझ्या ड्रॉवरमध्ये चिकटवलेले आहेत, दादा. रात्री दहाला डबा कोण आणून देणार, आयुक्त? परळच्या टाटा रुग्णालयाचंच बघा. १९४१ ला टाटांच्या ट्रस्टनं काढलं, १९५७ ला केंद्र सरकारनं घेतलं, १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे. ते चालवायचं तर दानावर भागलं नसतं. पण गावाहून आलेला पेशंट नि त्याची बायको राहणार कुठं? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. किती जणांना मीच पत्ता लिहून दिलाय.

माझं इतकंच म्हणणं : माणूस जगावा की नाही, हे माझ्या किंवा तुमच्या मूडवर नसावं. त्यावरचं तुम्ही करा.

बार्शी_लाईट
रविवार, रात्री ९:०५

दोन दिवस झाले, अजून कुणी १,५०० वाल्या लाडक्या बहिणींचा विषय कसा काढला नाही?

साखरगाठी
रविवार, रात्री ९:१२

काढलात ना! माझं मत : हमी आणि भेट यात फरक आहे. रोहयो कायद्यानं आली, बंद करायची तर विधिमंडळात उभं राहून बंद करावी लागेल. निवडणुकीच्या वर्षी आलेल्या पैशाची धाकधूक दर महिन्याला असते, यादीत नाव राहिलं की गेलं. आमच्या मावशी पीटी सुटल्याचं एकदाही बोलल्या नाहीत, पण त्या १,५०० साठी दर महिन्याला मला बँकेचा मेसेज वाचायला लावतात.

व्यवस्थापक
रविवार, रात्री ९:३०

पक्ष आणि नेते या धाग्यावर नकोत. तीन प्रतिसाद उडवले आहेत. ज्यांचे उडाले त्यांना कारण माहीत आहे.

हिशेबनीस (धागाकर्ता)
रविवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. एक रुपया भत्त्यावर ती हसली. "एक रुपयात चहा-पाव यायचा तेव्हा," म्हणाली, "पण दिला कुणी?"

मुक्तछंद, पीटीचं तुमचं बोलणं अकाउंटंट म्हणून मला कबूल आहे. एकदा तिजोरीत पडल्यावर कुठला रुपया कुठं गेला हे पगारपत्रकावर दिसत नाही. साखरगाठी म्हणतात ती गार्ड आणि साहेबाची तुलनाही रास्त आहे. आमच्या गेटवरच्या गार्डचा पीटी मीच कापतो.

उद्या त्या मुलाला हा धागा पाठवणार आहे. फोटोवाला प्रतिसाद वाचून तो काय म्हणतो बघू. ऑपरेशनला पैसे देणं बंद केलं तर मात्र मला वाईट वाटेल.

कोरडवाहू
सोमवार, पहाटे ५:५०

वॉर्ड_सात ताई, विषय निघालाच आहे तर एक विचारतो. आमच्या शेजारी एक बाई आहेत, वय चाळीसच्या आसपास. नवरा ऊसतोडीला गेला असताना गेल्या हंगामात फडातच वारला. दोन मुलं, जमीन नाही. गावानं वर्गणी काढली, दहाव्या-तेराव्याचं झालं, दोन महिन्यांचा किराणा झाला. आता गावही थकलं, कुणाला दोष देत नाही. संजय गांधी निराधारचा फॉर्म भरायचा म्हणतो. उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार वाचली आणि डोकं फिरलं. महिन्याला पावणेदोन हजारात कोण जगतं?

वॉर्ड_सात
सोमवार, सकाळी ७:३०

कुणीच जगत नाही, पण अट तीच आहे. जमीन नसेल तर दाखला मिळायला अडचण येऊ नये. तलाठ्याचा अहवाल घ्या, त्यावरून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, रेशनकार्डाची झेरॉक्स. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना ते आधी बघा, बहुतेकांचं तिथंच अडतं. आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. तो आहे का?

कोरडवाहू
सोमवार, सकाळी ७:४१

तोच नाही. आमच्या ग्रामपंचायतीत म्हणतात, मृत्यू इथं झाला नाही, जिथं झाला तिथून आणा. तिथं जायचं म्हणजे बाईंचे दोन दिवस आणि हजारभर रुपये. फड शिरोळ तालुक्यात होता.

मुक्तछंद
सोमवार, सकाळी ८:०२

माझं गाव शिरोळ तालुक्यातच आहे, आणि शनिवारी मी घरी जातोय. सोमवारपर्यंत राहीन, म्हणजे ऑफिस उघडं सापडेल. त्या वेळी तिथं नोंद झाली होती का, एवढं बाईंना विचारून सांगा. झाली असेल तर दाखला मी काढून कुरिअर करतो. नसेल झाली तर मोठं लचांड आहे, मग बघू.

कोरडवाहू
सोमवार, सकाळी ८:२०

विचारलं. नोंद झाली आहे, टोळीच्या मुकादमानं केली होती. मयताचं नाव, तारीख आणि गाव व्यनि (खाजगी निरोप) केलंय.